मोआब, युटा: सायकल ट्रिपच्या नोंदी (जानेवारी ते मे २०२५)

१२ जानेवारी, रविवार

डेन्व्हरला बाहेर उणे अकरा, सायकली गॅरेजमध्ये उलट्या टांगलेल्या. डॉक्टर आणि पैलवान जेवायला आले होते, जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे विषय मोआबवर आला आणि या वेळी मी म्हणलं की आता नुसतं बोलणं बास, मी वही काढतो आणि लिहायला लागतो. ही ती वही.

(डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. पैलवान म्हणजे कोल्हापूरचा, आयुष्यात एकदाही लंगोट न बांधलेला सॉफ्टवेअरवाला, नुसता अंगानं तसा. चौथी आमची बायको, जी आम्हा तिघांपेक्षा बरी चालवते, हे आधीच लिहून ठेवतो म्हणजे पुढचं कळेल.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोआब हे युटा राज्यातलं पाचेक हजार वस्तीचं गाव, कोलोरॅडो नदीच्या काठी, चहूबाजूंनी लाल खडक. आमच्यापासून साडेतीनशे मैल, न थांबता गेलं तर साडेपाच-सहा तास. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या माणसाला जवळच युरेनियम सापडलं आणि गाव एकदम वर आलं, मग खाणी बसल्या तसं गावही बसलं, आणि १९८३ मध्ये तिथं रिम सायक्लरी नावाचं सायकलचं दुकान निघालं. आज माउंटन बाइक चालवणारा माणूस मोआबचं नाव असं घेतो जसं आपल्याकडं वारकरी पंढरपूरचं घेतो.

ठरलं ते असं: 'होल एंचिलाडा' नावाचा सायकलचा ट्रेल करायचाच. ला साल डोंगरात सव्वाअकरा हजार फुटांवरच्या बरो पासवरून सुरुवात, तीसेक मैल, आणि शेवट थेट नदीवर चार हजार फुटांवर. म्हणजे सात हजार फूट उतार. पैलवान म्हणाला उतारच आहे ना, मग काय अवघड. यावर बायको काही बोलली नाही, फक्त बघितलं.

तारीख: एप्रिलचा मधला आठवडा.

२६ जानेवारी, रविवार

पहिला झटका. मी आनंदात ११ ते १४ एप्रिल कॅलेंडरवर टाकून सगळ्यांना पाठवलं, हॉटेलचे भाव बघायला बसलो तर आकडे बघून वाटलं साइट बिघडलीय. बिघडली नव्हती. यंदा ईस्टर २० एप्रिलला आणि त्या दिवसापर्यंतचे नऊ दिवस मोआबमध्ये ईस्टर जीप सफारी असते, १९६७ पासून चालत आलेली. गावभर जीपा, पेट्रोल पंपावर रांगा, कँपिंगला जागा नाही. म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात 'निवांत दर्शन' ठरवल्यासारखं झालं.

मग मागं सरकायचं की पुढं? मार्चअखेर रात्री कडक थंडी असते तिथं. मे शेवटापासून ऊन चढतं, आणि जुलैत ३७-३८ ही रोजची गोष्ट. वाळवंटात सायकल चालवायचे दिवस वर्षात तसे थोडेच, मार्च मध्य ते मे आणि मग सप्टेंबर ते नोव्हेंबर, बस्स.

१ ते ४ मे ठरलं. १ मे गुरुवार, महाराष्ट्र दिन, म्हणजे निदान एक सुट्टी तत्त्वानं आपली आहे, ऑफिसला काही का वाटेना.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा झटका, आणि हा मोठा. बरो पासवर मे महिन्यात बर्फ असतं. थोडंथोडकं नाही, साधारण जूनअखेर-जुलैपर्यंत तो वरचा भाग सायकलला बंदच. आणि जेव्हा तो उघडतो तेव्हा खाली गावात भट्टी पेटलेली. म्हणजे जेव्हा वाळवंट चालवण्यासारखं असतं तेव्हा डोंगर बंद, आणि डोंगर उघडतो तेव्हा वाळवंट भाजतं, दोन्ही एकदम पाहिजे असेल तर सप्टेंबरशेवट-ऑक्टोबर. हे आधीच कळायला काय हरकत होती ते मला माहीत नाही, बायको म्हणाली हरकत नव्हती, तू वाचलं नव्हतंस.

पैलवान दोन दिवस नाराज. ऑक्टोबरला जाऊया म्हणाला. डॉक्टरला ऑक्टोबरला भारतात जायचंय. मग शटलवाल्यांना फोन केला (तिथं व्हॅनवर सायकली लादून वर सोडतात, खाली आपण आपल्या पायानं). तिकडच्या बाईनं शांतपणे सांगितलं की बर्फ जिथं संपतं तिथं आम्ही सोडतो, मेच्या पहिल्या आठवड्यात बहुधा यूपीएस, म्हणजे अप्पर पोर्क्युपाइन सिंगलट्रॅक, नशीब असेल तर त्याच्याही वर हॅझर्ड काउंटी, नक्की ते आदल्या दिवशी सांगू. म्हणजे एंचिलाडाचं वरचं तोंड कापून खालचा भाग. यूपीएस, एलपीएस (लोअर पोर्क्युपाइन सिंगलट्रॅक), मग पोर्क्युपाइन रिम, कड्याच्या काठाकाठानं खाली नदीवर.

सगळ्यांनी मान्य केलं. म्हणजे मीच केलं सगळ्यांच्या वतीनं.

राहिलं: व्हाइट रिमचा हट्ट. कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमधला शंभर मैलांचा कच्चा रस्ता, युरेनियम शोधायला पन्नासच्या दशकात केलेला. त्याला परवाना लागतो, बरोबर फोर-व्हील गाडी आणि ती चालवणारा माणूस लागतो, आणि अख्ख्या वाटेवर पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरच्या डोक्यातून काढायला अर्धा तास लागला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज उन्हं पडली म्हणून ग्रीन माउंटनला फेरी. परत येताना पुढचं चाक बसलं. काढून बघितलं तर टायरमध्ये काटा, दोन शिंगांचा, इकडं याला गोटहेड म्हणतात. तो काटा हातात घेतला आणि मला हसू आलं, कारण हा आपला सराटा. शब्दशः तोच, ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस, आयुर्वेदवाल्यांचं गोखरू. आटपाडीला शाळेत जाताना चपलेतून घुसायचा तोच काटा कोलोरॅडोत माझ्या सायकलच्या टायरमध्ये, आणि मोआबमध्ये तर तो म्हणे रस्त्याकडेला मुबलक.

फोटो गावाकडं अप्पांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अरं हा तर सराटा. तितं बी हाय?" मग कशाला चाललाय, कुठं चाललाय, सगळं विचारून झालं. वाळवंटात सायकल चालवायला चार दिवस रजा टाकून आणि पैसे भरून जाणार हे ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग हितंच यायचं की. वाळवंट फुकाट हाय." आणि फोन ठेवता ठेवता खरा प्रश्न: "पाणी कुठनं आणणार?"

हा प्रश्न बाकी कुणीच विचारला नव्हता. मीही नाही, आणि मी तर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलेला पोरगा.

काम: चारही सायकलींचं सीलंट तपासणे. ट्यूबलेस टायरमध्ये ते दुधासारखं रसायन असतं ना, काटा घुसला की भोक बुजवतं, पण कोरड्या हवेत काही महिन्यांत वाळून त्याचे नुसते रबराचे गोळे होतात. माझ्या टायरमधून तसेच दोन गोळे निघाले. म्हणून तर चाक बसलं.

८ मार्च, शनिवार

पाण्याचा हिशेब. माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं (सायकलवर पाठीवरची तीन लिटरची पिशवी आणि वर एक बाटली), स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं धरून माणशी पाच. चार माणसं, चार दिवस, ८० लिटर. सव्वीस लिटरचे तीन निळे कॅन घेतले. ८० लिटर म्हणजे ८० किलो, शिवाय चार सायकली, चार माणसं, त्यातला एक पैलवान. गाडीच्या मागच्या स्प्रिंगची काळजी वाटायला लागली. मी टेबल करून बसलो की कुठला कॅन कुठं ठेवायचा, वजन पुढच्या सीटमागं यायला पाहिजे वगैरे.

बायकोनं ते बघितलं आणि विचारलं, मोआब गावात नळ नाहीत का?

आहेत. आम्ही राहणार ते सँड फ्लॅट्स गावापासून तीन-चार मैलांवर. तिथं कँपमध्ये पाणी नाही हे खरं, पण गावात आहे. रिकामे कॅन न्यायचे आणि तिथं भरायचे. मी दोन संध्याकाळी साडेतीनशे मैल पाणी वाहून नेण्याची इंजिनिअरिंग केली होती. अप्पांचा आवाज कानात असला की असं होतं.

सँड फ्लॅट्सबद्दल अजून: आगाऊ बुकिंग नाही, जो आधी येईल त्याची जागा. म्हणून गुरुवारी दुपारच्या आत पोचायचं, शुक्रवारी संध्याकाळी गेलं तर संपलं. संडास आहेत, जळण आपलं आपण न्यायचं.

१५ मार्च, शनिवार

सराव, डकोटा रिज. मुद्दाम ही निवडली कारण डेन्व्हरजवळ सलग खडकावर चालवायला मिळतं अशी ही एक, दगडी कण्यावरून वर-खाली. बायको सगळं चालवून गेली. मी तीन ठिकाणी उतरलो. पैलवान उतरला नाही, पडला, डाव्या मनगटावर. डॉक्टरनं दाबून बघितलं आणि म्हणाला मी दाताचा आहे. एक्सरे काढला, मोडलं नाही, मुरगळलंय, तीन आठवडे सायकल बंद.

यात एक गोष्ट लक्षात आली जी मी कुठं नीट वाचली नव्हती. आमच्या इथल्या ट्रेलवर सुटी खडी असते, ब्रेक दाबला की चाक घसरतं, म्हणून आम्ही सगळेच ब्रेकला घाबरतो. मोआबच्या सलग उघड्या दगडावर, म्हणजे स्लिकरॉकवर, उलटं आहे. नाव स्लिकरॉक, पण ते पडलं घोड्यांमुळं, लोखंडी नाल त्या दगडावर घसरायचे. रबर मात्र सँडपेपरला चिकटावं तसं चिकटतं. भिंतीसारखा दिसणारा चढ चाक न घसरता चढता येतो, फक्त पायात दम पाहिजे आणि अंगाचा भार पुढं पाहिजे, नाहीतर पुढचं चाक हवेत. आणि तोच सँडपेपर माणूस पडला तर कातडीचं काय करतो ते सांगायला नको. गुडघ्या-कोपराचे पॅड सक्तीचे. पैलवानाची यावर आज तरी तक्रार नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि श्रीखंड खाऊन सुस्तावलेल्या मंडळींपुढं मी रोजचा आराखडा मांडला, म्हणजे विरोध कमी होईल.

गुरुवार: पहाटे चारला निघणे, वाटेत फ्रूटा गावात खाणं, मोआब, तंबू.
शुक्रवार: स्लिकरॉक ट्रेल, पहाटे, ऊन तापायच्या आत.
शनिवार: शटल, यूपीएसपासून नदीपर्यंत.
रविवार: डेड हॉर्स पॉइंट, आणि तिथून घरी, कारण परतीच्या वाटेवरूनच तिकडं फाटा जातो.

डॉक्टरचं म्हणणं स्लिकरॉकला आधी प्रॅक्टिस लूप करू. इथं मी अभ्यास केला होता! तो प्रॅक्टिस लूप फक्त लांबीनं कमी, अवघडपणा तोच, नाव वाचून नवखे लोक जातात आणि फसतात. मोठा लूप दहा-साडेदहा मैलांचा, आकडा ऐकून फिरायला गेल्यासारखा वाटतो पण तीन-चार तास सहज जातात. सगळा दगड, जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसलेल्या, म्हणून तो तसा लाटांसारखा. वाट अशी नाहीच, दगडावर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेत ते बघत जायचं. आणि गंमत म्हणजे १९६९ मध्ये ही वाट आखली ती मोटरसायकलवाल्यांनी, सायकली नंतर आल्या, आजही मोटरसायकली त्यावर चालतात.

डेड हॉर्स पॉइंट बायकोनं निवडलं. सोपे, वाहते ट्रेल, शेवटच्या दिवशी थकलेल्या पायांना तेच बरं. नावामागची गोष्ट मात्र वाईट आहे. सुळक्यासारखं पठार, गळ्यापाशी जेमतेम तीस यार्ड रुंद, तिथं कुंपण घालून काऊबॉय रानटी घोडे कोंडायचे. एकदा म्हणे घोडे तसेच राहिले आणि तहानेनं मेले, दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी डोळ्यांना दिसत असताना. दंतकथा असेल, पण त्या पार्कला आजही पाणी ट्रकनं आणतात ही दंतकथा नाही. हे वाचल्यावर मी अप्पांना फोन करून सांगितलं की येतो, तितं बी टँकर येतो. खूश झाले.

६ एप्रिल, रविवार

सामानाची कामं. लिहून टाकतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. नवे ब्रेक पॅड चारही सायकलींना, जुने राखीव. गिअरचा हँगर (मागचा गिअर ज्याला टांगतात ती पट्टी) प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला बसत नाही, म्हणून प्रत्येकानं आपापला राखीव घ्यायचा. चेनचे जोड. ट्यूबलेसचे प्लग. आणि तरीही दोन साध्या ट्यूब, कारण टायर दगडानं कापला तर सीलंट काही करत नाही. सॅटेलाइट मेसेंजर एक, भाड्यानं, वर नेटवर्क नाही. हवा पुढं २२ मागं २५ पीएसआयनं सुरुवात करायची, पैलवानानं जास्त.

एका दुकानात माझी सायकल सर्व्हिसिंगला दिली होती, नाव घेत नाही, मागच्या शॉकचा उलट्या बाजूचा बोल्ट अर्धवट आवळून दिला. घरी आणताना कट-कट आवाज यायला लागला म्हणून कळलं. दीडशे डॉलर घेतले होते. आता सगळे बोल्ट मी स्वतः टॉर्क पान्यानं बघतो, बायकोचेही, ती म्हणते माझे तू बघू नकोस मी बघितलेत.

खाणं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. सायकलवर खायला जेलच्या ट्यूबा मिळतात, मला त्या टूथपेस्ट खाल्ल्यासारख्या वाटतात (डॉक्टरला आवडतात, धंद्याचा परिणाम). ओआरएसची पाकिटं भारतातून आणलेली वीस शिल्लक आहेत, तीच. रात्री पिठलं-भात.

१९ एप्रिल, शनिवार

पैलवान परत सायकलवर. मनगट नव्वद टक्के ठीक म्हणतो, तो कधीही नव्वदच म्हणतो. नॉर्थ टेबल माउंटनला दोन तास चालवलं, उतरताना दातओठ खात होता. परत येताना गाडीत मी हळूच विषय काढला की शनिवारची शटल राइड लांब आहे, शेवटचा टप्पा तर एका बाजूला कडा आणि खाली नदी असा, तिथं हात दुखायला लागला तर मधून बाहेर पडायला सोपी वाट नाही. चिडला. जानेवारीपासून हेच तर करायचं होतं म्हणाला. मग घरापाशी उतरताना म्हणाला, शुक्रवारी स्लिकरॉकवर बघू, तिथं हातानं साथ दिली तर शनिवारी येतो, नाहीतर मी खाली नदीवर गाडी घेऊन तुमची वाट बघतो. खरं तर तशी एक गाडी खाली लागतेच. मी काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

आणखी एक नोंद, सगळ्यांना पाठवलीय, कुणी वाचली का माहीत नाही: ट्रेल सोडून मातीवर पाय ठेवायचा नाही. तिथली काळपट, खरबरीत दिसणारी माती जिवंत असते, सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी विणलेली साय, तीच वाळू धरून ठेवते आणि पाऊस मुरवते. एक पाऊल पडलं की ती मोडते आणि भरून यायला दशकं लागतात. फोटो काढायला, लघवीला, समोरच्याला वाट द्यायला, कशालाही बाजूला व्हायचं तर दगडावर किंवा ओढ्याच्या वाळूत. डॉक्टरनं अंगठा दाखवलाय. म्हणजे एकानं तरी वाचली.

२७ एप्रिल, रविवार

हवामान: गुरुवारी वारा, शुक्रवार-शनिवार दुपारी २७-२८, रात्री १०. चांगलं आहे. पण डोंगरातल्या रस्त्याचा अंदाज वेगळाच, बुधवारी रात्री वर बर्फ. आय-७० हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो ३१ मेपर्यंत बर्फाच्या टायरचा नियम लागू असतो, आणि आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. म्हणजे वाळवंटात जायला गाडीला बर्फाचे टायर. मी ते मागच्याच आठवड्यात काढून उन्हाळी लावले होते. परत लावले. कुणाला सांगू नये अशी गोष्ट पण वहीत आली.

सायकलचा रॅक चौथ्या सायकलनं मागून खाली झुकतो. पट्टा बांधला. हलवून बघितला. अजून एक पट्टा बांधला.

३० एप्रिल, बुधवार

शटलवाल्या बाईचा मेसेज: शनिवारी यूपीएस. वर अजून बर्फ. ठीक.

गाडी भरली. तीन कॅन रिकामे, ठरल्याप्रमाणं. रात्री साडेदहाला सगळे झोपल्यावर खाली गॅरेजमध्ये गेलो आणि एक भरून घेतलाच. २६ लिटर. बायकोला सकाळी कळेल.

१ मे, गुरुवार, सँड फ्लॅट्स

पहाटे सव्वाचारला निघालो. व्हेल पासला बर्फ भुरभुरत होतं, पैलवान झोपलेला. फ्रूटाला दशम्या. मग हायवे सोडून सिस्कोवरून १२८ नंबरचा रस्ता घेतला, नदीच्या काठाकाठानं, वळणावळणाचा आहे पण डॉक्टरनं हट्ट केला आणि बरोबर केला, फिशर टॉवर्सचे उंच लाल सुळके दिसल्यावर गाडीत दहा मिनिटं कुणी बोललं नाही, आमच्यात हे सहसा होत नाही.

कँपला ११:५० ला पोचलो. आमच्या वळणावर दोनच जागा उरलेल्या, त्यातली दगडाआडची घेतली. दोन कॅन भरायला गावात गेलो तर नळाशी चार गाड्यांची रांग, पाऊण तास. कॅन घेऊन रांगेत उभा. तेवढ्यात इकडं तिघांनी भरलेल्या कॅनमधून चहा करून पिऊन टाकला, मला ठेवला नाही. बायको म्हणाली बरं झालं तू एक भरून आणलास. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी वारा सुटला. तंबूच्या खुंट्या खडकात जात नाहीत, दगड बांधले. पिठल्यात वाळू. पैलवान मनगटाला पट्टी बांधून स्लिकरॉकच्या तोंडाशी जाऊन पांढरे पट्टे बघून आला, म्हणतो हे चढायचं?

अलार्म साडेपाचचा.